एक सूत सोडून

अम्माला कोल्लीमलैच्या डोंगरावर नेईन असं वचन अप्पांनी कधी दिलं, ते आता दोघांनाही आठवत नाही. ते किती वेळा मोडलं, हे मात्र अम्माला चांगलं आठवतं. तंजावरहून पहाटे निघायचं. सपाटीवर अप्पा जीप अशी पळवायचे की जणू सरकारनं रस्ता त्यांच्यासाठीच बांधलाय, आणि वर गुणगुणायचेसुद्धा. घाट लागला की गुणगुणणं बंद व्हायचं. अर्ध्या घाटात एक वळण आहे, तिथं बुटकी दगडी भिंत आणि फणसाची सावली. बरोबर त्या वळणावर काळा धूर निघायचा, तापमानाचा काटा लाल रेघेवर जायचा आणि जीप मुकाट बाजूला घ्यावी लागायची.

अम्मा भिंतीवर बसून डबा उघडायची. दहीभात, ताकात वाळवून तळलेल्या मोरमिरच्या, कधी वांग्याची भाजी. अप्पा बॉनेट उघडून इंजिनाशी अबोला धरल्यासारखे उभे राहायचे आणि हातात दिलं तेवढं खायचे. इंजिन थंडावलं की माघारी. घरी आल्यावर गल्लीतलं कुणी विचारलं, "वर कसं होतं?" तर अम्मा सांगायची, "दहीभात चांगला झाला होता."

मी एकदा चिडून म्हटलं, बसनं जा ना दोघं, बस रोज वर जाते. मला राग लवकर येतो, तसा तो तेव्हाही आला होता. अम्मा शांतपणे म्हणाली, "बसनं कोणपण नेईल गे." त्यानंतर मी बसचं नाव काढलं नाही.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहतो. माझा कारखाना गावाबाहेर, पापनाशमच्या रस्त्यावर आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ, एक जुनं पण दणकट मिलिंग मशीन आणि बाहेर रांगेत पडलेली ट्रॅक्टरांची आणि कापणीयंत्रांची हेडं. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं, सिलिंडरांवर बसणारा ओतीव लोखंडाचा जड ठोकळा. भाताच्या हंगामात ती वाकतात, तडकतात, आणि मग मालक माझ्या दारात येऊन उभे राहतात. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडल्यापासून मी हेच करते आणि मला ते फार आवडतं. लोखंडाचा खडबडीत चेहरा कटरखालून आरशासारखा होऊन बाहेर आला की मला आजही खुदकन हसू येतं.

तर अप्पांच्या जीपचा रोग मला माहीत होता. त्या इंजिनात हवा आत घ्यायची पेटी वेगळी नाही, हेडच्या कुशीतच ओतलेली आहे. सपाटीवर ते चालून जातं. चढावर इंजिनाला जास्त हवा लागते, तेव्हा मागच्या सिलिंडरांपर्यंत ती पुरेशी पोचतच नाही. ते धूर ओकतात आणि तापतात. उपाय एकच होता. ती पेटी कापून टाकायची, तिथं सपाट चेहरा काढायचा आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असलेला नवा मॅनिफोल्ड त्यावर बोल्टांनी बसवायचा. अडचण अशी, की पेटीच्या भिंतीमागंच इंजिनाचं पाणी फिरतं. कटर जास्त आत गेला की हेडला भोक, आणि असलं हेड आता भंगारवाल्यांकडेही मिळत नाही. मी आधी सगळीकडे शोधून बघितलं होतं.

अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते कॉफी थंड करत होते. आमच्याकडे कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओततात. त्या दिवशी ती जरा जास्तच वेळ ओतली गेली.

"काप," ते म्हणाले. "पण हेड गेलं तर मी जीप विकतों आणि चालवणंही सोडतों. पंचाहत्तरी झाली मज. दुसरी गाडी शिकायला नक्को."

ते थट्टेत बोलत नव्हते. मला एकदम भीती वाटली. जीपशिवाय अप्पा म्हणजे काय, हे मला डोळ्यांपुढं आणता येईना. मी मात्र तोंडानं एवढंच म्हटलं, "लोखंड कापायचंय अप्पा, तुमचे केस नाहीत."

जीपवेड्या लोकांचा एक मोबाइलवरचा गट आहे. तिथं मला कोल्हापूरकडचा एक माणूस सापडला, तो नेमक्या ह्याच इंजिनासाठी ॲल्युमिनियमचे मॅनिफोल्ड बनवतो. त्याचे निरोप मराठीतून यायचे. आमच्या घरात मराठी बोलायची आणि तमिळ लिहायची अशी रीत. मराठी अक्षरं मी चाळिशीत हौसेनं शिकले, त्यामुळं त्याचा निरोप आला की मी एकेक अक्षर लावत बसायची. शेवटी मी सरळ फोन केला.

"मज तुमचा मॅनिफोल्ड होणा," मी म्हटलं, होणा म्हणजे हवा. "हेड मीच कापतें."

मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही कुठल्या?"

"तंजावरच्या."

"मग मराठी कुठं शिकला?"

"घरी. आणि कुठं शिकतील?"

तो हसायला लागला. "राग मानू नका, पण आमची पणजी फोनवर आल्यागत वाटलं बघा."

राग मी मानलाच. पणजी मिलिंग करत होती का, असं मी विचारलं, आणि तिथून आमची गट्टी जमली. मॅनिफोल्ड आला तेव्हा मी तो टेबलावर ठेवून नुसता बघत बसले. चार नळ्या, चारही सारख्या वळणाच्या, आत बोट फिरवलं तर कुठं जराही खरखर नाही. इतकं सुबक काम बघून मला त्या माणसाला मिठाई पाठवावीशी वाटली. पुढं पाठवलीही.

कापायच्या आदल्या संध्याकाळी त्याला पुन्हा फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, फोन ओट्यावर, आवाज मोठा. त्यानं बजावून सांगितलं, "पेटी काढा, पण मुळापर्यंत जाऊ नका. मधल्या दोन भोकांच्या मागं पाणी लगेच आहे. मी एक हेड असंच फोडलंय. एक सूत सोडून चेहरा मारा आणि मग बोल्टाची भोकं पाडा."

"एक सूत?"

"एक सूत. जास्त नको, कमी नको."

फोन ठेवला. आमच्या घरात सूत म्हणजे एकच वस्तू. अप्पांच्या जानव्याच्या सुताची गुंडी देवाच्या फडताळात असते. अम्मानं ती काढली आणि बोटभर तुकडा तोडून माझ्या तळहातावर ठेवला.

"हें बघ तुझं सूत. एवढंच सोडायचं."

अप्पा चष्मा लावून जवळ आले. "म्हणजे जवळजवळ काहीच नव्हे," ते म्हणाले. "मुळाला लागायचं नाही, तेवढंच."

मला ते पटलं. सुताएवढं, म्हणजे केसाएवढं. कोल्हापूरचा माणूस रसिक दिसतोय, इतकंच मनात आलं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा मी कारखान्यात नेला आणि चक्क मायक्रोमीटरमध्ये धरला. दाबावं तसं ते सूत बारीक होत जायचं, प्रत्येक वेळी माप वेगळं. शेवटी मनाशी एक आकडा धरला आणि सूत शर्टाच्या खिशात टाकलं.

माझ्याकडे मिलिंगवर एक तमिळ माणूस आहे, माझ्याच वयाचा. तोंडात कायम विड्याचं पान आणि डोक्यात कायम क्रिकेट. आम्ही दोघांनी हेड उचलून मशीनवर चढवलं, आडवं बांधलं, डायल लावून चारी कोपरे सारखे केले. वाल्वच्या, पाण्याच्या, सगळ्या भोकांत ग्रीस लावलेल्या चिंध्या कोंबल्या, कारण ओतीव लोखंडाचा काप म्हणजे नुसती काळी भुकटी, ती आत गेली तर इंजिनाचा घास घेते. मग मोठा कटर लावून आधी पेटी उडवायला घेतली. ती बाजू सुटून खाली पडली तेव्हा अप्पांच्या जीपचं आतलं नाक पहिल्यांदा उजेडात आलं. आमची दोघांचीही नाकं एव्हाना काळी झाली होती.

आता शेवटचा चेहरा मारायचा होता. तेवढ्यात एक कापणीयंत्रवाला बाहेर येऊन ओरडायला लागला. मी मिलिंगवाल्याला जाता जाता तमिळमधून सांगितलं, "मुळापासून ओरु नूल सोड आणि चेहरा मार." ओरु नूल, म्हणजे एक सूत. शब्दाला शब्द.

परत आले तर मशीन बंद, चेहरा मारून झालेला आणि हा पठ्ठ्या बाकावर बसून मोबाइलवर स्कोअर बघतोय. मी वाकून बघितलं. मुळापासून चांगला जाडजूड थर अजून तसाच होता.

"हे काय? अजून केवढं शिल्लक आहे. घे खाली."

"झालंय," तो म्हणाला. "ओरु नूल सोडलंय. मोज."

मोजलं. इंचाचा आठवा भाग, तंतोतंत. माझं डोकं फिरलं. मी खिशातून जानव्याचं सूत काढलं आणि त्याच्या नाकासमोर नाचवलं. "हे! हे नूल सोडायला सांगितलं होतं मी."

त्यानं सुताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "ह्या शेडमध्ये नूल म्हटल्यावर," त्यानं विचारलं, "आजवर कुणी कधी दोरा आणलाय का?"

नव्हता आणला. तमिळमध्ये नूल म्हणजे दोरा खराच, पण कारखान्यात, सुताराकडे, गवंड्याकडे नूल म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी स्वतः दिवसातून कितीदा तरी तो शब्द त्याच अर्थानं बोलते. दोऱ्याचा विचारही मनात येत नाही. मी त्याला बाजूला सारून हँडलला हात घातला होता, उरलेला थर आपणच काढून टाकायच्या तयारीनं, आणि हात तिथंच थांबला. तमिळ माणसाच्या कारखान्यात दोरा म्हणजे माप असेल, तर मराठी माणसाच्या कारखान्यात काय असेल? मी मराठी कारखाना जन्मात बघितला नव्हता. माझी मराठी देवघर आणि स्वयंपाकघर एवढ्यातली. कारखान्यात मी कायम तमिळ.

काळ्या हातांनीच फोन लावला. "सूत म्हणजे किती हो?"

"सूत म्हंजे सूत की, ताई."

"जानव्याचं?"

"जानव्याचं कशाला? इंचाचं आठवं. आठ सुतांचा एक इंच. तुम्ही कापलं नाही ना अजून?"

मी फोन कानाला तसाच धरून खाली बसले. मग उठून पाण्याच्या मोठ्या भोकातली चिंधी काढली, वाकवलेली तार आत घातली आणि मधल्या दोन भोकांमागची भिंत चाचपून किती जाड आहे ते मोजलं. अम्माच्या सुताएवढं सोडलं असतं तर बोल्टाचं प्रत्येक भोक थेट पाण्यात उघडलं असतं. मला हसू फुटलं, ते आवरेचना. मिलिंगवाल्याला तमिळमध्ये समजावून सांगितलं, की कोल्हापूरलाही नूलच म्हणतात, फक्त मराठीत. तो म्हणाला, "मग भांडलीस कशाला?" मी त्याला पान आणून दिलं.

भोकं पाडली, आटे कापले, मॅनिफोल्ड ठेवून बघितला. सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवत आत गेले. आता हेड कुठं गळत नाही ना, ते बघायचं होतं. पाण्याच्या वाटा बुचांनी बंद करायच्या, आत हवा भरायची आणि हेड पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते बघायचं. हेड बुडेल एवढं भांडं कारखान्यात नव्हतं. घरी होतं. आमच्याकडे लग्नकार्यात पाणी तापवायचा पितळेचा मोठा हंडा असतो, त्याला आम्ही तमिळ शब्दानं अंडा म्हणतो. अम्माचा अंडा अम्मा कुणाला हातही लावू देत नाही. मी मागितला तेव्हा ती म्हणाली, "आधी हेड साबणानं धुऊन आण."

धुऊन आणलं. मागच्या अंगणात अंड्यात पाणी भरलं, हेड दोरानं सोडलं, हवा भरली. अप्पा, अम्मा, मी आणि मिलिंगवाला, चौघं कडेला वाकून बघत होतो. पाणी हललं, मग स्थिर झालं. त्यात आमचे चार चेहरे दिसत होते आणि बुडबुडा एकही नव्हता. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला फार बरं वाटलं, ते मी त्यांना सांगितलंही.

मी लगेच कोल्हापूरला फोन केला. "अंड्यात घालून बघितलं, एकपण बुडबुडा नाही."

"कशात?"

"अंड्यात. अम्माच्या अंड्यात."

"अम्माच्या अंड्यात?" त्यानं सावकाश विचारलं. तो काय समजला असेल ते माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, कारण तुमचं अंडं आमच्या घरात येतच नाही. समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की फोन त्याच्या बायकोनं घेतला.

इंजिन जुळवलं. आधी कालव्याच्या कडेनं पापनाशमपर्यंत जाऊन आलो. भात पोटरीला आलेला होता आणि अप्पांचं गुणगुणणं मागच्या सीटवर ऐकू येत होतं. पुढच्या आठवड्यात कोल्लीमलै. अम्मानं नेहमीसारखा डबा भरला. "ह्या वेळी वर जाऊन खाऊ," अप्पा म्हणाले. अम्मानं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. जानव्याचं ते सूत तिनं माझ्याकडून मागून घेतलं होतं, ते आता जीपच्या आरशाला बांधलेलं होतं.

घाट लागला. अप्पांचं गुणगुणणं बंद झालं. मी मागं बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते. फणसाचं वळण आलं. काटा मध्यावर. मागं वळून बघितलं तर धूर नाही, नुसता रस्ता. वळण मागं पडलं आणि अप्पांनी एकदम हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. पुढच्या प्रत्येक वळणावर वाजवला. त्या डोंगरावरच्या माकडांना आम्ही अजून आठवत असू.

वर थंड वारा होता. अननसांचे ढीग, मिरीची पोती, लांबवर धुकं. अप्पा डोंगराकडे बघतच नव्हते, ते अम्माच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं सगळीकडे सावकाश नजर फिरवली आणि म्हणाली, "छान आहे हो." अप्पा असे ताठ झाले की जणू डोंगर त्यांनीच ओतून घेतला असावा. तिनं दोन अननस घेतले, घासाघीस करून.

"डबा उघड," अप्पा म्हणाले.

"भूक नाही मज."

"अगे, वर येऊन जेवायचं म्हटलं होतं ना?"

"भूक नाही म्हटलं तर कसाला विचारता?"

अप्पांचा चेहरा थोडा उतरला. आम्ही दोघांनी तिखटमीठ लावलेला अननस खाल्ला, ती नुसती धुकं बघत राहिली. मग उतरायला लागलो. इंजिन मजेत चाललं होतं. फणसाचं वळण आलं तसा अम्मानं डबा मांडीवर घेतला.

"इथं थांबवा."

"इथं?" अप्पांनी काट्याकडे बघितलं. "कसाला? गाडीला काय झालंय?"

"गाडीला काय करायचंय? आपण इथं जेवतों."

अप्पांनी जीप बाजूला घेतली. अम्मा उतरून भिंतीवर तिच्या जागी जाऊन बसली आणि झाकण काढलं. अप्पा सवयीनं बॉनेटपाशी गेले, त्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि मग ते न उघडताच येऊन तिच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत त्या भिंतीवर ते पहिल्यांदाच बसले होते. अम्मानं दहीभाताचा पहिला घास त्यांच्या हातावर ठेवला.